पाचवी सोंगटी

१

गुरुवार, ५ सप्टेंबर २०२४. तीन दिवस झोडपणारा पाऊस आदल्या संध्याकाळी थांबला होता. सकाळी लख्ख ऊन, वारा अजिबात नाही. शाळेमागच्या सोयाबीनमध्ये अजून घोटाभर पाणी उभं होतं.

परिपाठ आटोपल्यावर अयोध्या मॅडमनी सातवीच्या वर्गात चार पुठ्ठे वाटले. एकोणीस पोरं, चार गट. सतरा तारखेला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झेंडावंदन झालं की पालक शाळेत येणार होते. त्या दिवशी प्रत्येक गटानं आपण तयार केलेला इतिहासाचा खेळ मांडायचा. पट आपण काढायचा, नियम आपण लिहायचे, सोंगट्या आपण शोधायच्या. फासे विकत आणायचे नाहीत. चार चिंचोके एका बाजूनं दगडावर घासून पांढरे करायचे. टाकल्यावर जितके पांढरे पडतील तितकी घरं पुढं.

पहिल्या गटानं नळदुर्गचा किल्ला घेतला. दुसऱ्यानं मुक्तिसंग्राम, तिसऱ्यानं तेरची जुनी बाजारपेठ. चौथ्या गटात चौघंच होती: सृष्टी, अर्पिता, शंभू आणि रामलिंग.

"आमाला जुनं गाव करायचंय," सृष्टी म्हणाली.

"पुस्तकातलं काहीतरी घ्या," अयोध्या म्हणाली. "जुनं गाव इतिहासात कुठं येतं?"

"एकतीस वर्षं झाली की मॅडम," शंभू म्हणाला. "माझा बाप बी तवा चड्डीत मुतत हुता. अजून किती जुनं पायजे?"

वर्ग हसला. अयोध्याही हसली, आणि हसता हसता हो म्हणून गेली.

जुनं गाव म्हणजे भूकंपाआधीचं. १९९३ साली, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, सास्तूरच्या बाजूची जी गावं झोपेत पडली त्यांतलं एक. नंतर दीड किलोमीटर अलीकडं चौकोनी घरांच्या सरळ रांगा टाकून नवं गाव वसवलं. जुन्या जागेवर आता बाभळी आहेत आणि दगडांचे ढीग. अयोध्याचं हे माहेर. भूकंप झाला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. लग्न होऊन लोहाऱ्याला गेली, नोकरीत तालुकाभर फिरली, आणि दोन वर्षांपूर्वी बदली होऊन याच शाळेत आली. रोज स्कूटीवर येई. जुन्या गावाकडं जाणारा फाटा वाटेतच लागे. तिकडं तिनं मान कधी वळवली नव्हती.

२

सोमवारी, नऊ तारखेला, चौथ्या गटाचा पट जवळजवळ पुरा झाला होता. अयोध्या रांगेतून फिरत होती. पट बघून ती थांबली.

खाली वेस. वेशीतून वर जाणारी वाकडी गल्ली. गल्लीच्या दोन्ही अंगांना मिळून बावीस घरं, प्रत्येकावर नंबर. मधे मारुतीचं देऊळ, त्यापुढं आड. वर, पार टोकाला, मोकळं मैदान. आडाजवळ गल्ली जिथं इतकी अरुंद व्हायची की बैलगाडी निघायची नाही, तिथं ती पटावरही तेवढीच अरुंद होती.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"इचारून इचारून काढलंय," अर्पिता म्हणाली.

हे पटण्यासारखं होतं. गावात म्हातारी माणसं आहेत. पोरांना रिकामा वेळ आहे. अयोध्या वाकून बघू लागली. सतरा आणि अठरा ही घरं एका भिंतीची होती. त्या भिंतीत पोरांनी एक बारीक चौकोन काढून काळा केला होता.

अठरा नंबरचं घर अयोध्याचं. सतरा सारजाबाईचं. मधल्या भिंतीत दोन्हीकडून पाठीला पाठ लावलेल्या देवळ्या होत्या, दिवा ठेवायच्या, आणि त्यांच्या मधला एक दगड हातानं निघायचा. हे दोघींनाच ठाऊक होतं. एक अयोध्या. दुसरी सारजाबाईची लेक नागम्मा. दोघी एका वर्गात. त्या भोकातून चिंचा जायच्या, काकणांचे तुकडे जायचे. आधी तीन वेळा ठोकायचं, थांबायचं, मग दोनदा ठोकायचं. पलीकडून दोन ठोके आले की दगड काढायचा.

"हा चौकोन कसला?"

रामलिंगनं खांदे उडवले. "रिकामं दिसत हुतं."

पोरांनी सोंगट्या मांडून दाखवल्या. एक शंखाचा तुकडा, एक बटण, एक गुंज, एक सागरगोटा. त्यांच्या बाजूला काचेच्या हिरव्या काकणाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा.

"तुम्ही चौघं. सोंगट्या पाच कशा?"

चौघांनी एकमेकांकडं पाहिलं. चोरी पकडल्यासारखं नाही. बाई, एवढं साधं कसं कळत नाही, असं.

"ती तिची," सृष्टी म्हणाली.

"कुणाची?"

"खेळायला लागती एक. ती बोलत न्हाय, निस्ती खेळती."

"भूत हाय मॅडम," शंभू म्हणाला, आणि सृष्टीनं त्याला कोपर मारलं.

अयोध्यानं काकणाचा तुकडा बोटात धरला. काठ गुळगुळीत झालेले, मातीत फार दिवस राहिल्यासारखे. जुन्या गावात चार वेळा नांगर फिरला तर असे शंभर तुकडे निघतील. तिनं तो परत ठेवला. बोटाला पीठ लागल्यासारखी माती लागली होती, पांढरी.

या पट्ट्यात रान सगळं काळं. फक्त गावाखालची माती पांढरी असते, शेकडो वर्षं चुली, शेण आणि पडक्या भिंती मुरून झालेली. नव्या गावाखाली ती नाही. नवं गाव काळ्या रानातच वसवलं आहे.

३

त्या दिवशी शाळा सुटल्यावर ती सारजाबाईकडं गेली. सारजाबाई बाहत्तर वर्षांची, एकटी, ओट्यावर बसून लसूण सोलत होती. डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस आवाजावरून ओळखायची.

"ये बाई. तुज्या शाळेतले गुंडाप्पा सर सांगत हुते, अयोध्या मॅडमनं पोरांना जुगार शिकिवला म्हणून."

"चिंचोक्यांचा खेळ आहे, मावशी."

"जुगार बी चिंचोक्यांचाच असतो गं."

अयोध्यानं सहज विचारावं तसं विचारलं, "पोरं आली होती का तुमच्याकडं? जुन्या गावाचं विचारायला?"

"कोण बी न्हाय आलं. आमच्याकडं कोण येतंय? तू येतीस तेवढीच."

तिनं बाजूची परडी सरकवून अयोध्याला बसायला जागा केली. मग लसणाची पाकळी बोटात धरून ती थांबली. अयोध्याला पुढचं वाक्य माहीत होतं. दर गणपतीत, कधी दिवाळीत, कधी मधेच, गेली एकतीस वर्षं ते येत होतं.

"झोपेतच गेली व्हय गं ती?"

"झोपेतच, मावशी."

"काय कळलं नसंल तिला."

"काही नाही कळलं."

सारजाबाईनं मान हलवली आणि पाकळी सोलून टाकली. त्या रात्री ती आणि तिचा नवरा रानात राखणीला होते. नागम्माला विसर्जनाची मिरवणूक बघायची होती म्हणून ती घरी राहिली, शेजारी अयोध्याची आई आहे या भरवशावर. रानातली कोप, राखणीची झोपडी, सारजाबाईच्या पायावर पडली. तिला सोलापूरला नेलं. ती परत आली तेव्हा सगळं उरकलं होतं. परतल्यावर तिनं पहिल्यांदा अयोध्याला जवळ घेतलं होतं, पायाला प्लास्टर, तोंडाला औषधांचा वास, आणि हाच प्रश्न. उत्तर ऐकून म्हणाली होती, माझी गेली, पर तू हायेस. त्यानंतर दर वर्षी एक चोळी. अयोध्याच्या लग्नात आईच्या बरोबरीनं बसून तिनं रुखवत मांडलं. अयोध्याचा धाकटा भाऊ युवराज ढिगाऱ्यातून जिवंत निघाला, म्हणून सारजाबाई त्याला अजून दिवाळीला ओवाळते.

निघताना सारजाबाई म्हणाली, "सतरा तारखेला येते मी तुजा जुगार बघाया. हाताला धरून ने."

४

शुक्रवारी अयोध्यानं सगळ्या गटांचे नियम तपासले. चौथ्या गटाचा कागद तिनं दोनदा वाचला.

प्रत्येक घरावर एक चिठ्ठी. चिठ्ठीवर प्रश्न एकच: घरात कोण आहे? उत्तर मागच्या बाजूला. कुठं 'तीन माणसं, एक म्हैस', कुठं 'म्हातारा आणि नातू'. सोंगटी घरावर आली की खेळणाऱ्यानं सांगायचं. त्यापुढचा नियम असा होता:

बरोबर सांगितलं तर तिथं थांबून आतल्याला बाहेर काढायचं. त्यात एक डाव जातो. चुकीचं सांगितलं तर आपण चार घरं पुढं जायचं. आतला आतच राहतो.

अयोध्यानं लाल पेननं शेवटच्या दोन वाक्यांखाली रेघ मारली. "हे उलटं झालंय. चुकीचं उत्तर दिल्यावर मागं जायला हवं."

"न्हाय मॅडम," सृष्टी म्हणाली. "असंच हाय."

"मग खरं कोण सांगेल? खरं सांगणारा हरेल."

"ज्याला काढायचंय तो सांगंल की."

ती हे सहज बोलली आणि पेन्सिलला टोक करू लागली. अयोध्यानं लाल पेनला टोपण लावलं. बारा वर्षांची पोर. तिला काय ठाऊक असणार. पोरांच्या खेळांत उफराटे नियम असतातच. तिनं लाल रेघ तशीच ठेवली आणि चिठ्ठ्या हातात घेतल्या.

चिठ्ठ्या अर्पितानं काळ्या स्केचपेननं लिहिल्या होत्या, सगळ्या एका वळणाच्या. सतरावी तेवढी पेन्सिलीची होती. मागं तीन शब्द होते: एक मुलगी. जागी.

"हे कुणी लिहिलं?"

अर्पितानं बघितलं. "माझं न्हाय. म्या सतराची कोरीच ठेवली हुती. त्या घरचं कोण सांगना."

"शंभू?"

"माझं अक्षर एवढं बरं असतंय व्हय मॅडम?"

ते खरं होतं. पटावर सतराव्या घराला खडूनं एक पांढरी फुलीही मारलेली होती. सोमवारी ती नव्हती. पुठ्ठ्यावर पांढऱ्या मातीचा पातळ थर होता, आणि त्या थरात चार ठिकाणी पुसल्यासारखं झालं होतं, जणू कुणी बोटं टेकवून वाकून पाहिलं होतं.

मधल्या सुट्टीत तिनं ती चिठ्ठी खिचडीच्या चुलीत टाकली. जळेपर्यंत तिथं उभी राहिली. स्वयंपाकीण म्हणाली, "काय मॅडम, कुणाचं प्रेमपत्र?" अयोध्यानं दुसरी चिठ्ठी कापली, काळ्या स्केचपेननं प्रश्न लिहिला, आणि मागं अर्पिताच्या वळणात उत्तर लिहिलं: कुणी नाही.

लिहून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, हेच उत्तर तिनं एकदा तोंडीही दिलं होतं.

५

शाळेवरून ती युवराजकडं गेली. युवराज पस्तिशीचा, अंगणात मोटारसायकल उलटी करून चाक काढत बसला होता. तिनं विचारलं, पोरांना तू काही सांगितलंस का, भिंतीचं, घराचं.

"मी चार वर्षाचा हुतो ताई. मला काय आठवतंय?" त्यानं पाना खाली ठेवला. "निस्तं एवढं ध्यानात हाय, अंधार हुता आन कोण तरी ठोकत हुतं. जवळच. तीन डाव, मग दोन डाव. मला झोप लागाया लागली की पुन्हा ठोकायचं. तूच ना ती?"

अयोध्यानं पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"म्या बायकोला बी सांगतो. आमची ताई दोन दिवस भाईर बसून ठोकत हुती, म्हणून मी जागा राह्यलो. झोपलो असतो तर संपलो असतो."

त्यानं हात फडक्याला पुसले आणि लाजल्यासारखा हसला. एवढी मोठी गोष्ट त्यानं तिला तोंडावर कधी सांगितली नव्हती. वहिनीनं आतून चहा आणला. अयोध्यानं तो गरम गरम पिऊन टाकला, जीभ भाजली तरी.

ठोकणारी अयोध्या नव्हती.

भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जवान आले होते. गल्लीत सहा जण, दोन पहारी, एक फावडं. आभाळ भरून आलेलं. ते प्रत्येक ढिगापाशी थांबून विचारत: इथं कोण आहे? कुणी आहे म्हटलं की उपसायला लागत. नाही म्हटलं की दगडावर चुन्याची फुली मारून पुढं जात, म्हणजे मागून येणाऱ्यांनी वेळ घालवू नये. वडील दुसऱ्या गल्लीत होते. आईची वाचा बसली होती. सतरा आणि अठरा या दोन ढिगांसमोर अकरा वर्षांची अयोध्या उभी होती. पहिला ढीग सारजाबाईचा आला.

जवानानं खाली वाकून विचारलं, "बेटी, इसमें कोई है?"

सकाळपासून तीन आणि दोन ठोके येत होते. दहा वाजता अयोध्यानं एक दगड घेऊन उलट दोन ठोके दिले होते. त्याचा अर्थ दोघींत एकच होता: आहे मी, दगड काढते. पण सतराव्या ढिगाला तास-दोन तास लागले असते, आणि पाऊस केव्हाही आला असता, आणि युवराज अठरात होता.

"कोई नहीं," ती म्हणाली होती. मग आपल्या घराकडं बोट केलं होतं. "इसमें मेरा भाई है."

युवराज दीड तासात निघाला. मग पाऊस आला. नागम्माचे ठोके दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत येत होते. ते ऐकू येऊ नयेत म्हणून अयोध्यानं युवराजला मांडीवर घेऊन त्याच्या कानाशी तोंड नेऊन गाणी म्हटली होती. फुली असल्यामुळं त्या ढिगापाशी पुढं कुणी थांबलं नाही.

६

चौदा तारखेला शनिवार, सकाळची शाळा. साडेअकराला पोरं गेली. गुंडाप्पा सर केंद्रावर मीटिंगला गेले. अयोध्यानं चारही खेळ सातवीच्या वर्गातल्या लोखंडी कपाटात ठेवले, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि हजेरी पुरी करायला टेबलाशी बसली.

खिडकीतून ऊन कपाटावर येत होतं. बाहेर कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर गणपतीची गाणी लागली होती, ती लांब गेली. वर्ग शांत झाला. फळ्यावर तिनंच सकाळी लिहिलेली तारीख होती.

कपाटातून आवाज आला. तीन.

पत्रा उन्हानं तापला की वाजतो. तिनं पेन उचललं.

दोन.

उंदीर असेल. मागच्या महिन्यात उंदरानं नकाशा कुरतडला होता. तिनं हजेरीत पुढचं नाव वाचलं आणि ते काय वाचलं ते तिला कळलं नाही. पुन्हा तीन. मधली थांबण्याची जागा तेवढीच, जेवढी तेव्हा असायची. आता कुणी ऐकतंय का, एवढा वेळ. मग दोन.

अयोध्या उठली. कपाटाजवळ गेली. दाराच्या खालच्या फटीतून पांढरी माती जमिनीवर आली होती, चिमूटभर. ती बघत असतानाच आणखी थोडी आली. आवाज वरच्या कप्प्यातून नव्हता, जिथं खेळ ठेवले होते. तो खालून, दाराच्या अगदी मागून, बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवरून येत होता.

तिचा हात वर गेला. बोटाचं पेर पत्र्यापासून वीतभरावर आलं. दोनदा ठोकलं की झालं असतं.

तिनं हात खाली घेतला, पर्स उचलली, वर्गाला बाहेरून कडी घातली आणि स्कूटीवर बसली. जुन्या गावच्या फाट्यापाशी ती थोडी जोरातच गेली. लोहाऱ्याला पोचल्यावर नवऱ्यानं विचारलं, काय झालं, चेहरा असा का. ती म्हणाली, ऊन लागलं.

७

मंगळवार, सतरा सप्टेंबर. त्या दिवशी अनंत चतुर्दशीही होती. झेंडावंदन झालं. पालकांना गूळ-शेंगदाणे वाटले. दहा वाजता अयोध्या सारजाबाईला हाताला धरून सातवीच्या वर्गात घेऊन आली. चार सतरंज्या अंथरल्या होत्या, चार खेळ मांडले होते. नळदुर्गभोवती सगळ्यांत जास्त गर्दी होती; युवराज तिथंच उभा राहून पोरांना बुरुज विचारत होता.

"मला जुन्या गावापाशी ने," सारजाबाई म्हणाली.

तिला बसवलं. तिनं पटावर हात फिरवला. पोरांनी घरांच्या कडा डिंकात वाळू घालून उंच केल्या होत्या. तिचं बोट वेशीतून निघालं, देवळाला वळसा घालून आडापाशी आलं, अरुंद झालं.

"इथं गाडी अडकायची," ती म्हणाली, आणि तिचं तोंड हसू लागलं. "पोरं हो, लई ग्वाड केलंय. आता खेळू द्या मला."

"मॅडमला बी घ्या," शंभू म्हणाला. "मॅडम लई भितात हरायला."

आजूबाजूची माणसं हसली. नाही म्हणायला काही कारण सुचेना. सारजाबाईनं शंख घेतला, अयोध्याच्या वाट्याला गुंज आली, बटण शंभूचं, सागरगोटा सृष्टीचा. हिरवा तुकडा आधीच वेशीत होता. सृष्टी आणि सारजाबाई यांच्या मधे पोरांनी एका माणसाची जागा रिकामी सोडली होती. अर्पिता आणि रामलिंग मागं उभे होते, पण त्या जागेत कुणी पाय ठेवत नव्हतं.

खेळ सुरू झाला. सारजाबाईला दर घरची माणसं पाठ होती. ती बरोबर सांगायची, थांबायची, डाव घालवायची, आणि पोरं म्हणायची, आजी, अशानं तुम्ही वेशीतच राहाल.

"राहू दे की. माणसं तर निघाली."

प्रत्येक फेरीत एकदा सृष्टी म्हणे, "आता तिचा डाव. खाली बघा." सगळे मान खाली घालत. चिंचोके सतरंजीवर पडल्याचा आवाज येई. वर बघितलं की तुकडा पुढं सरकलेला असे. कुणीतरी पोरगं टाकत असेल, अयोध्यानं ठरवलं, शंभूच असेल. तिसऱ्या फेरीला ती शंभूच्या हातांकडं बघत राहिली. त्याचे दोन्ही हात त्याच्या मांडीखाली होते. चिंचोके पडले.

सातव्या फेरीला तिनं मान खाली घातली आणि पापण्या पुऱ्या मिटल्या नाहीत.

रिकाम्या जागेतून एक हात पटावर आला होता. लहान. मनगटापर्यंत पांढरा, पीठ मळताना होतो तसा. बोटांना नखं उरली नव्हती. मनगटावर दोन हिरवी काकणं शाबूत, तिसरं अर्धं. त्यानं तुकडा उचलला नाही. एका बोटानं ढकलला, सतरा नंबरच्या घरात, फुलीवर. मग तो हात पालथा झाला आणि तिथंच थांबला.

"बघा वर," सृष्टी म्हणाली.

तिथं काही नव्हतं. सारजाबाईनं रिकाम्या जागेकडं तोंड केलं होतं आणि पदर नाकाला लावला होता. "पांढरीचा वास येतोय," ती हळू म्हणाली. "पावसात भिजलेली."

अयोध्याचा डाव आला. तिनं चिंचोके टाकले. तिला एक हवं होतं, किंवा तीन. दोन पडले. गुंज सतरावर आली, हिरव्या तुकड्याला खेटून.

"घरात कोण आहे?" शंभूनं वाचलं.

"कुणाचं घर?" सारजाबाईनं विचारलं.

"सतरा नंबर, आजी."

"ते आमचं." सारजाबाईचा हात अयोध्याच्या गुडघ्यावर आला. "सांग की गं. तुला ठाव हाय."

चिठ्ठी तिनंच लिहिली होती. मागचं उत्तर तिला पाठ होतं. तेच दिलं तर बरोबर ठरेल, एक डाव जाईल, आणि खेळ पुढं सरकेल. एवढंच.

"कुणी नाही," अयोध्या म्हणाली.

शंभूनं चिठ्ठी उलटली. "चुकलं मॅडम." त्यानं ती उजेडाकडं धरली. "पेन्शिलीनं लिवलंय. एक मुलगी. जागी."

नळदुर्गच्या सतरंजीवर कुणीतरी जिंकलं होतं, तिकडं टाळ्या वाजत होत्या. सारजाबाईचा हात गुडघ्यावरून उचलला गेला. तो थोडा वेळ हवेतच राहिला, कुठं ठेवावा हे ठरत नसल्यासारखा.

"जागी?" ती म्हणाली.

सारजाबाईनं धुरकट डोळे अयोध्याच्या आवाजाच्या दिशेला वळवले. तिनं ते नेहमीच्याच शब्दांत विचारलं, पण या वेळी प्रत्येक शब्दानंतर थांबून.

"अयोध्या. झोपेतच गेली व्हय गं ती?"

सतरंजीखालून, फरशीतून, ठोके आले. तीन. मग तेवढंच थांबणं. अयोध्याला गर्दीत युवराज दिसला. त्याचं हसणं थांबलं होतं. तो मान एका अंगाला कलती करून ऐकत होता, आणि बघत होता तिच्याकडं, तिच्या हातांकडं, जे मांडीवर स्थिर होते. मग दोन.

"झोपेतच, मावशी," अयोध्या म्हणाली.

शंभूनं नियमांचा कागद बघितला, लाल रेघेच्या खालपर्यंत. "एकाच घरात दोनदा चुकीचं सांगितलं, तर सरळ मैदानात," त्यानं वाचलं. तपासताना ही ओळ त्या कागदावर नव्हती. त्यानं गुंज उचलली आणि पटाच्या टोकाला, मोकळ्या मैदानात नेऊन ठेवली.

८

खेळ दहा वाजून बावीस मिनिटांनी सुरू झाला आणि दहा वाजून एकोणपन्नास मिनिटांनी संपला. गुंडाप्पा सरांनी निकाल वहीत घेतला. पहिली, अयोध्या मॅडम. दुसरा, शंभू. तिसरी, सृष्टी. सारजाबाईची सोंगटी नवव्या घरात राहिली. तिनं चार घरांतली माणसं बाहेर काढली होती. पाचवी सोंगटी सतराव्या घरात होती. सारजाबाईला युवराजनं हाताला धरून घरी नेलं.